कपाशीवरील किडींचे वैरी: त्यांची ओळख व राखण



पोळ्याचा सण सरला म्हणजे वरणगावच्या काळ्या रानांत कपाशी कमरेला लागते, पाती धरू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो. पानाच्या कडा आत वळतात, पानावर चिकटा पडतो, आणि ऊन आले की ते पान तेल चोपडल्यासारखे चकाकते. हे चकाकणे पाहिले की शेतकऱ्याचा जीव खाली-वर होतो. भुसावळ तालुक्यातील आमच्या बंधूंपैकी बहुतेकांचे वर्षाचे देणे-घेणे, मुलांच्या शाळेची फी आणि लेकीच्या लग्नाचा खर्च ह्या एका पिकावर अवलंबून असतो. तेव्हा त्यांनी घाबरून जावे ह्यात नवल नाही.

मागील हंगामात आम्ही तापीकडच्या शिवारात अशाच एका बंधूच्या बांधावर उभे होतो. त्यांनी औषधाची बाटली आणून बांधावर ठेविली होती, पाण्याचे पिंप भरले होते, आणि पंपाचे पट्टे खांद्यावर चढवावयाचे तेवढे उरले होते. त्यांनी एक पान उलटून आम्हांस दाखविले. त्यावर माव्याच्या दाटीत दोन काळसर अळ्या फिरत होत्या. त्यांच्या अंगावर नारिंगी ठिपके होते, पुढे सहा पाय होते, आणि आकार मगरीच्या पिलासारखा होता. ते म्हणाले, "मास्तर, मावा पुरेसा नव्हता म्हणून की काय, ही आणखी एक कीड आली पाहा." आम्ही त्यांस म्हटले, "भाऊ, पंप घेण्याआधी घटकाभर ह्या पानाशी बसा." ते आमच्याजवळ बसले. थोड्याच वेळात त्यांपैकी एका अळीने एक मावा तोंडात धरिला, तो हलेनासा झाला, आणि ती दुसऱ्याकडे वळली. बंधू काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारिले, "म्हणजे मी आजवर हिलाच मारीत आलो?"

ह्या पाठात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी शेतात कोण शत्रू व कोण चाकर हे ओळखता आले पाहिजे. ते न ओळखल्यामुळे आपण दरवर्षी पैसे देऊन आपलेच चाकर मारवितो.

ती काळसर अळी म्हणजे ढालकिड्याची बाळावस्था होय. ढालकिडा आपणांपैकी सर्वांनी पाहिलेला असतो: हरभऱ्याच्या डाळीएवढा, पाठ ढालीसारखी गोल, रंग लाल किंवा पिवळसर, त्यावर काळे ठिपके अथवा नागमोडी पट्टे. मुले त्यास हातावर चालवितात. परंतु तो आणि ही मगरीसारखी अळी एकाच प्राण्याची दोन रूपे आहेत, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आईने माव्याच्या वसाहतीजवळ उभी, पिवळी, बारीक अंडी पुंजक्याने घालावी, त्यांतून ह्या अळ्या निघाव्या, त्यांनी दोन-तीन आठवडे मावा खावा, मग पानास चिकटून कोष करावा, आणि कोषातून पुन्हा ढालकिडा निघावा, असा हा क्रम आहे. मोठा ढालकिडा दिवसास पन्नासाच्या आसपास मावा खातो, आणि वाढत्या वयाची अळीही त्याच्या मागे राहत नाही.

दुसरा चाकर क्रायसोपा. हा फिकट हिरवा, नाजूक, जाळीदार पंखांचा पतंग संध्याकाळी दिव्यापाशी येतो. त्याचे डोळे सोन्यासारखे चमकतात. त्याची अंडी ओळखावयास सोपी. केसासारख्या तंतूच्या टोकावर एकेक पांढरे अंडे पानावर उभे असते. बी रुजून मोड आला आहे असे वाटून आम्ही स्वतःच एकदा ते नखाने खरडून टाकिले होते. अंडी अशी उंचावर ठेवण्याचे कारण, पहिली निघालेली अळी इतकी भुकेली असते की जवळ सापडली तर ती आपल्याच भावंडांची अंडी खाईल. ह्या अळीस पुढे विळ्यासारखे दोन दात असतात. त्यांनी ती मावा, तुडतुड्यांची पिले, पांढरी माशी व बोंडअळीची अंडी धरून शोषून घेते.

तिसरी सिरफिड माशी. तिच्या अंगावर मधमाशीसारखे पिवळे पट्टे असतात, परंतु ती डंख करीत नाही. फुलासमोर हवेत एकाच जागी टांगल्यासारखी थांबते, ही तिची खूण. तिची अळी बिनपायाची, हिरवट, गोगलगायीसारखी सरकणारी असते, आणि तीही माव्यावरच जगते. ह्यांशिवाय कोळी आहेत, चतुर आहेत, खंडोबाचा किडा म्हणून आपण ज्यास ओळखतो तो आहे, आणि गांधीलमाश्या आहेत. ह्या सर्वांचे वर्णन करावयास जागा नाही.

एक चाकर मात्र असा आहे की तो डोळ्यांस दिसतच नाही. त्याचे काम तेवढे दिसते. माव्याच्या दाटीत काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारख्या कोरड्या कातीचे आढळतात. त्यांच्या अंगात एका अतिसूक्ष्म गांधीलमाशीने अंडे घातलेले असते; आतली अळी माव्यास आतून खाऊन टाकिते व पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. असे फुगलेले मावे दिसू लागले म्हणजे समजावे की, ह्या शेतात काम सुरू झाले आहे.

आता कोणी विचारील की, एवढे चाकर असता मावा वाढतो तरी कसा? ह्याचे उत्तर गणितात आहे. माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता, जिवंत पिले देते. आणि ते पिलू आठवड्याभरात स्वतः आई होते. ढालकिड्यास मात्र अंड्यापासून पुन्हा अंडे घालण्यापर्यंत तीन-चार आठवडे लागतात. म्हणून हंगामाच्या आरंभी मावा नेहमी पुढे असतो व त्याचा वैरी मागून येतो. नेमक्या ह्याच दिवसांत आपला धीर सुटतो. आपण जहाल औषध मारितो. त्याने शंभरांतले नव्वद मावे मरतात, आणि ढालकिडे, क्रायसोपा, गांधीलमाश्या जवळजवळ साऱ्याच मरतात. उरलेले दहा मावे आता निर्धास्त असतात. दोन आठवड्यांत ते पूर्वीपेक्षा अधिक होतात, आणि शेतकरी दुकानदारास म्हणतो, "औषध लागू पडले नाही, अधिक कडक द्या." मग दोन औषधे एकत्र होतात, नंतर तीन होतात, आणि दुकानातील वही भरत जाते.

ह्यांत केवळ पैशाचीच हानी आहे असे नाही. 2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांस विषबाधा झाली, आणि वीस-एक माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली होती. उंच झाडांत पंप मारिला म्हणजे विष तोंडावर व छातीवर येते. मेले ते बहुधा मोलाने फवारणारे, म्हणजे ज्यांचे स्वतःचे शेत नव्हते असे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण हेच मोलाचे काम करितात, म्हणून हे येथे लिहिणे आम्हांस भाग पडले.

तर मग मुळीच फवारू नये काय? असे आम्ही म्हणत नाही. मोजल्यावाचून फवारू नये, इतकेच आमचे सांगणे आहे. शेताच्या कडेची झाडे सोडून आत शिरावे, निरनिराळ्या जागची वीस झाडे घ्यावी, आणि प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे अशी तीन पाने उलटून त्यांवरील किडी मोजाव्या. पानामागे सरासरी दहा मावे, किंवा दोन तुडतुडे, किंवा दहा फुलकिडे भरले, तरच औषधाचा विचार करावा असे आपल्याकडील कृषी शास्त्रज्ञ सांगतात. मोजताना ढालकिडे, त्यांच्या अळ्या व क्रायसोपाची अंडीही मोजावी. ती पुष्कळ असली तर मर्यादा ओलांडली असतानाही चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजणे शहाणपणाचे ठरते. कंपनीच्या बीटी बियाण्यास बहुधा आधीच औषध चोळलेले असते, व ते पहिला महिनाभर रसशोषक किडींस आवर घालिते. म्हणून उगवणीनंतर लगेच पंप काढण्याचे तर काहीच प्रयोजन नसते. ज्यास काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने निंबोळीचा अर्क मारावा. पाच किलो निंबोळ्यांचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर करावा, व तो संध्याकाळी फवारावा. कडक विषाइतका तो चाकरांच्या मुळावर येत नाही.

मुंग्यांविषयी येथेच सांगून टाकितो. मावा जो गोड चिकटा टाकितो त्यासाठी मुंग्या त्याच्यापाशी येतात, आणि गवळ्याने गाई राखाव्या तशा त्या माव्यास राखून ढालकिड्याच्या अळ्यांस चावून हुसकावितात. मुंग्यांनी भरलेल्या झाडावर चाकर टिकत नाहीत. म्हणून ज्या झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसेल ते झाड अवश्य पाहावे.

आता ही सारी गोष्ट पुस्तकांतली आहे, मोठ्या प्रमाणावर कोठे घडली आहे काय, असा संशय वाचकांच्या मनात येईल. दूर जावयास नको. 2002 सालच्या पावसाळ्यात सांगलीकडच्या उसावर लोकरी मावा आढळला. पानाच्या मागच्या बाजूस पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, त्यातून गळणारा चिकटा, आणि त्या चिकट्यावर वाढलेली काळी काजळी, असे त्याचे रूप होते. पाहता पाहता तो पश्चिम महाराष्ट्रभर व कर्नाटकात पसरला. उभ्या उसात माणूस शिरू शकत नाही, मग पंप कोठून शिरणार? लोकांनी पुष्कळ पैसा फवारणीवर घालविला, पण मावा हटला नाही. त्याच वेळी संशोधकांच्या लक्षात आले की, माव्याच्या थराखाली रेशमी जाळे विणून एक अळी राहते व माव्यावरच पोट भरते. तिचे नाव डिफा. दुसरा मायक्रोमस नावाचा, क्रायसोपाच्या कुळातील तपकिरी किडा. तोही तेच करीत होता. मग कृषी विद्यापीठे व साखर कारखाने ह्यांनी हे किडे वाढविले. हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडाव्या असे ठरले. ज्या शेतात ते आपोआप आले होते तेथील पाने कापून शेतकरी दुसऱ्या गावी नेत व रोगट उसाच्या पानांस टाचीत. ज्यांनी फवारणी थांबविली त्यांच्या शेतात हे किडे टिकले. दोन-तीन वर्षांत लोकरी माव्याचा धाक पुष्कळच ओसरला. ऊस आपल्या भागात पश्चिम महाराष्ट्राइतका नाही, परंतु जे उसात झाले त्याचा धडा कपाशीसही लागू आहे.

पपईची गोष्ट ह्याहून नवलाची आहे, आणि पपई तर खानदेशात घरोघर ओळखीची. 2008 साली कोइमतूर येथे पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. तो मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे त्याचा कोणीच वैरी नव्हता, त्यामुळे त्याने बागांच्या बागा पांढऱ्या करून टाकिल्या. पुण्याकडेही तो पोहोचला. शेवटी 2010 साली बेंगळुरू येथील कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने प्वेर्तो रिको बेटातून तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या मागविल्या, त्यांची परीक्षा केली, व त्या बागांत सोडल्या. त्यांतील ॲसेरोफॅगस नावाची जात सर्वांत कामाची ठरली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालिते. थोड्याच महिन्यांत जेथे जेथे ती सोडली तेथे ढेकूण नाहीसा होत गेला, आणि पुढे ती आपल्या पायांनीच, किंवा पंखांनीच म्हणा, बागेमागून बाग धुंडीत गेली. एकदा सोडल्यावर तिला कोणी पगार दिला नाही.

ही विद्या जुनी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात संत्र्या-लिंबाच्या बागा ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका पांढऱ्या खवलेकिडीने मरणास टेकल्या होत्या. 1888 साली आल्बर्ट कोबेली नावाच्या गृहस्थास तिचा वैरी शोधण्यास ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले. त्याने जहाजाने जेमतेम पाचशे लाल-काळे ढालकिडे पाठविले, आणि 1889 साल संपण्यापूर्वी बागा वाचल्या. आपल्या देशातही 1898 साली दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांसाठी ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा आणिला गेला. त्याच्याच वंशजांस आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडितात.

परंतु प्रत्येक वेळी असे गोड फळ आले नाही, आणि ही दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1872 साली जमेका बेटात उसातील उंदीर मारण्यासाठी हिंदुस्थानातून मुंगसे नेली. पहिली काही वर्षे लोक आनंदले. मग मुंगसांनी तेथील पक्षी, सरडे व कोंबड्या ह्यांचा फडशा पाडिला. ऑस्ट्रेलियाने 1935 साली उसातील भुंगेऱ्यांवर उपाय म्हणून हवाई बेटांतून मोठे बेडूक आणिले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, बेडूक जमिनीवर. त्यांची गाठच पडली नाही. ते विषारी बेडूक मात्र आज त्या देशाची डोकेदुखी होऊन बसले आहेत. म्हणून परका प्राणी मनास वाटले म्हणून आणून सोडू नये. ते काम वर्षानुवर्षे परीक्षा करणाऱ्यांचे आहे. आपले काम जे आपल्या शिवारात आधीच आहे ते राखण्याचे.

उलट, आहे ते मारिल्याने काय होते हे चीन देशाने पाहिले. 1958 साली तेथील सरकारने चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांस मारण्याची मोहीम काढिली. लोकांनी थाळ्या वाजवून त्यांस खाली बसू दिले नाही, घरटी मोडिली. चिमण्या गेल्या आणि त्या ज्या किडी पिलांस भरवीत त्या वाढल्या. 1960 साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

आपल्याकडील पक्ष्यांविषयी पाहू. साळुंकी ही केवढी कामाची आहे हे आपणांआधी परक्यांनी ओळखिले. 1762 साली मॉरिशस बेटात टोळांवर उपाय म्हणून आपल्या देशातूनच साळुंक्या नेल्या होत्या. नांगरामागे चालणारे गायबगळे, तारेवर बसून झेप घेणारा कोतवाल, वेडा राघू, नीळपंख, कलकलाट करीत फिरणारे सातभाई, हे सारे दिवसभर अळ्या व पतंग वेचीत असतात. त्यांस बसावयास जागा दिली म्हणजे झाले. हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळावी. ज्वारीचे धाट हरभऱ्याच्या वर येते, त्यावर पक्षी बसतात व घाटेअळी टिपितात. कपाशीत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या, हेक्टरी वीस-पंचवीस, पिकाहून हातभर उंच रोवाव्या. ज्वारी-बाजरीत मात्र दाणा भरू लागताच अशा काठ्या काढून घ्याव्या. पक्षी चाकर असला तरी तो उपाशी राहणार नाही. घरट्यातील पिले दिसली असता आईस धरू नये, असा नियम अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस दिलेला आहे. गोफण घेऊन घरट्यांमागे धावणाऱ्या मुलांस तो वाचून दाखवावा.

घुबडाविषयी आपल्या खेड्यांत अजून वेडगळ भीती आहे. घरावर घुबड बसले तर माणूस मरतो असे म्हणून त्यास दगड मारितात. गव्हाणी घुबड, ज्याचे तोंड पांढरे व विड्याच्या पानासारख्या आकाराचे असते, ते रात्रभर शेतात उंदीर मारिते व एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज खाते. पिलांस भरवीत असेल तर त्याहून अधिक. धामणही तेच काम बिळात शिरून करिते, आणि ती विषारी नाही. शेतात उंदरांसाठी विषाचे गोळे टाकिले तर विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जाऊन घुबडही मरते, हे ध्यानात ठेवावे.

आता विकत मिळणाऱ्या चाकरांविषयी. ट्रायकोकार्ड म्हणून पोस्टकार्डासारखे एक कार्ड मिळते. त्यावर तांदळातील पतंगाची सुमारे 20,000 अंडी चिकटविलेली असतात, व प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीचे पिलू वाढत असते. ही माशी अर्ध्या मिलिमीटराहून फारशी मोठी नसते. ती बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालिते. म्हणजे अळी जन्मासच येत नाही. कपाशीस हेक्टरी दीड लाख माश्या लागतात, म्हणजे एकरी तीन कार्डे. कार्ड कातरून पट्ट्या कराव्या व त्या पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्या, वर टाचल्यास ऊन व पाऊस लागतो. काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावे. माश्या केव्हा बाहेर पडणार त्याची तारीख कार्डावर पाहूनच घ्यावे. उशीर झालेले कार्ड म्हणजे कोरा कागद. आणि कार्ड लावण्याच्या आधी व नंतर आठवडाभर कडक औषध मारू नये. हे साधे दिसते, पण कार्ड व फवारणी एकाच दिवशी करून "कार्डात काही अर्थ नाही" असे म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आपल्या जिल्ह्यात पाल व ममुराबाद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. कार्डे कोठे मिळतील ह्याची चौकशी तेथे करावी.

पैसा न घालता चाकर बोलाविण्याचा एक उपाय आमच्या विशेष आवडीचा आहे. कपाशीच्या कडेने चवळीची एक-दोन तासे पेरावी. चवळीवर लवकर मावा येतो, पण तो बहुधा काळा, वेगळ्या जातीचा असतो व कपाशीस फारसा लागत नाही. त्यावर ढालकिडे जमतात, वाढतात, आणि कपाशीवर मावा येईल तेव्हा शेजारच्या तासांतून तेथे येतात. कडेने मका लावावा, त्याच्या तुऱ्यातील परागावर क्रायसोपा व ढालकिडे तग धरितात. चवळीच्या शेंगा घरच्या भाजीस होतातच.

ह्या उपायांस मर्यादा आहेत. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच पात्यात किंवा बोंडात शिरते, आणि मग तिच्यापर्यंत ना ढालकिडा पोहोचतो ना पक्षी. 2002 साली बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सर्वांस वाटले. 2017 साली तीच गुलाबी अळी बीटीस न जुमानता खानदेश-विदर्भात बोंडे पोखरून गेली. तिच्यावर मुख्य इलाज म्हणजे तिला उपाशी ठेवणे. मे महिन्यात लागवड करू नये, डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या बांधावर किंवा घराशी रचून ठेवू नये, आणि गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसताच ती तोडून नष्ट करावी. कामगंध सापळा लावावा, व त्यात सतत तीन दिवस रोज आठ पतंग सापडू लागले तर मात्र औषधास उशीर करू नये. ट्रायकोकार्ड येथे उपयोगी पडते, कारण ते अंड्यावरच घाव घालिते. एरवी चाकरांवर विसंबून राहणे म्हणजे पीक घालविणे.

केळीच्या बाबतीतही असेच. आपल्याकडील केळीवर कुकुंबर मोझॅक नावाचा रोग येतो. पान पिवळ्या रेषांनी चित्रविचित्र होते व झाड वाया जाते. हा रोग मावा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, आणि त्यास त्यासाठी काही क्षण पुरतात. ढालकिड्याने त्याला नंतर खाल्ले तरी रोग देऊन झालेला असतो. येथे रोगी झाड मुळासकट उपटून पुरणे, आणि केळीत काकडी, भोपळा, वांगी, मिरची न लावणे हेच खरे उपाय होत.

शिक्षक बंधूंनी हा पाठ घेताना फळा-खडूपेक्षा पानांचा उपयोग करावा. मुलांस जवळच्या शेतातून माव्याने भरलेले एकेक पान आणावयास सांगावे व ती काचेच्या बरणीत, तोंडास फडके बांधून, दोन दिवस ठेवावी. कोणाच्या बरणीतील मावा कमी झाला, व त्या बरणीत आणखी कोण होते, हे मुलांनाच पाहू द्यावे. मोठ्यांस मात्र असा प्रश्न घालावा: गेल्या हंगामात पहिली फवारणी केली त्या दिवशी तुम्ही पाने मोजली होती काय, आणि किती भरली होती?

त्या तापीकाठच्या बंधूंनी त्या दिवशी पंप खांद्यावर घेतला नाही. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. शेंड्यांवर माव्याच्या पांढऱ्या काती राहिल्या होत्या, मधून मधून ते तपकिरी फुगलेले मावे होते, आणि पानांच्या मागे ढालकिड्यांचे कोष लटकले होते. मध्यंतरी एक जोराचा पाऊस झाला होता, आणि पावसाने मावा धुऊन जातो; तेव्हा सारे श्रेय त्या अळ्यांस देता येणार नाही, असे आम्ही त्यांस म्हटले. ते हसून म्हणाले, "पाऊस तर शेजाऱ्याकडेही पडला, मास्तर, त्यांनी दोनदा मारले." बाटली दुकानदार परत घेईना. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी, गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेविली आहे.